सांगली फाट्यावरच्या मिस्त्रींचे आभार

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गूळ भरून निघालेली गाडी सांगली फाट्याजवळ अडली. सेल्फ मारला की सुरू व्हायची, लोड आला की मरायची. एकानं आधीच सांगून ठेवलेलं, इंजेक्शन पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा) उतरवा. म्हणजे हजारोंची फोडणी.

फाट्यावरच्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या पोरानं त्या पंपाला हातसुद्धा लावला नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. "बघा मालक." डिझेलमधून बुडबुडे पळत होते. टाकीकडून ओढणाऱ्या लाइनला चीर असली की चालू गाडीत डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून बाहेरून पाहून कळत नाही. चिरलेला रबरी पाइप आणि बँजो बोल्टची (डिझेल लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) दोन तांब्याची वॉशर बदलली. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडलं (तेही बरंच निघालं). मग लाइनमधली हवा काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करून फेस जाईपर्यंत डिझेलचा हातपंप मारला आणि सलग धार आल्यावरच स्क्रू आवळला.

मजुरी धरून साडेतीनशे रुपये. निघताना पोरानं ती नळी पुसून कागदात गुंडाळून दिली: "परत असं झालं तर आधी ही लावा, पंपाचं मग बघू."

मिस्त्री, पोरा, मनापासून आभार. नळी टूलबॉक्समध्येच आहे.