धाकलीच्या पीएच.डी.बद्दल

बेलवाल, लक्झेंबर्ग

ती. आप्पा आणि माय यांस,
सा. न. वि. वि.

कानबाईच्या सणाला यंदाही येणं झालं नाही. रोटांचे फोटो पाहिले आणि त्या रात्री भात-वरणावरच भागवलं.

पत्राचं कारण धाकली. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की एम.ए. झालं, आता आणखी चार वर्षं शिकायचं तर खर्च कोण करणार, नाल्याकडचं शेत विकायला काढावं लागेल का? शेताला हात लावायचा नाही. आणि तो जो एजंट घरी येऊन गेला, त्याला एक रुपयाही द्यायचा नाही. या जागांची जाहिरात उघड असते, युरोपातल्या बऱ्याचशा ‘युरॅक्सेस’ या सरकारी संकेतस्थळावर निघतात, आणि अर्ज आपला आपण करायचा असतो.

इकडे पीएच.डी. ही पुष्कळ ठिकाणी रीतसर नोकरी असते. मला विद्यापीठाने ३ वर्षांच्या करारावर घेतलंय, लागलं तर वर्षभर वाढतो. दरमहा पगार होतो, त्यातून कर, आजारपणाचा विमा, पेन्शन कापलं जातं. अगदी तुमच्या झेडपीच्या पगारपत्रकासारखं. घरभाडं मात्र भयंकर आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणजे २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट. नॉर्वेतही अशीच नोकरी, ३ वर्षांची, शिकवायचं काम जोडलं तर ४. जर्मनीत अनेकदा पूर्ण पगाराऐवजी पासष्ट-पंच्याहत्तर टक्क्यांची जागा असते, तेवढं जाहिरातीत नीट वाचावं. संशोधकांच्या जागांना पैसा देणारी युरोपीय संघाची मारी क्युरी योजनाही आहे. तिची अट अशी, की नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. धाकली नाशिकच्या पुढे गेलेली नाही, म्हणजे ही अट तिने जन्मतःच पाळलीय!

आता तुमचा दुसरा प्रश्न, माझ्या संशोधनाबद्दलचा: घरात दोन-तीन भाषा बोलतात यात संशोधन कसलं? इथली गंमत ऐका. लक्झेंबर्गी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांचा हा देश. लक्झेंबर्गीला कित्येक वर्षं जर्मनची बोलीच समजत; १९८४ च्या कायद्याने तिला राष्ट्रभाषा केलं. तरी पोरं शाळेत वाचायला-लिहायला शिकत आली ती मुख्यतः जर्मनमधून. बेकरीत पाव मागायचा तो फ्रेंचमध्ये, आणि माझ्या घरमालकीणबाई फोनवर पोर्तुगीज बोलतात. पण हीच पोरं मोबाइलवर एकमेकांना लिहितात लक्झेंबर्गीत, शाळेने तिचं शुद्धलेखन फारसं घोटून घेतलेलं नसताना. कुणाला कोणत्या भाषेत लिहायचं, कुठे बोलूनच पाठवायचं, फोनने शब्दाखाली लाल रेघ मारली की भाषा बदलायची का, हे माणूस कसं ठरवतो, आणि आपण ठरवतोय हे त्याला कळतं का, हा माझा विषय.

आपला घरचा ग्रुपच बघा. नानाकाका कधीच टाइप करत नाहीत, मिनिटभराचा निरोप बोलून पाठवतात, अस्सल अहिराणीत, ‘कसा शेस रे भाऊ’ पासून सुरुवात. तुम्ही घरात तीच बोलता, पण लिहायला बसलात की ‘आज समाधानकारक पर्जन्यवृष्टी झाली’. धाकली मराठीच लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. (घाबरू नका, ग्रुपमधलं काही मी संशोधनात घेतलेलं नाही. लेखी संमतीशिवाय इथे कुणाचा साधा ‘राम राम’ही वापरता येत नाही.)

म्हणून धाकलीला सांगा, विषय शोधायला लांब जाऊ नकोस. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांची भाषा खान्देशी म्हणून नोंदली गेली, आपली अहिराणी त्यातच मोजतात. घरी अहिराणी बोलून नोंद मात्र मराठी करणारे यात आलेच नाहीत. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सननी भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं. तिकडे शहाद्या-धडगावच्या शाळेत घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारं पोर मराठी पुस्तक वाचतं आणि हिंदी व्हिडिओ बघतं. अशा वर्गात बसून पाहिलेला, अहिराणी-मराठी-हिंदी येणारा उमेदवार इकडच्या निवड समितीला सहज मिळत नाही. माझं मत विचाराल तर तिने देश बघून अर्ज करू नये, मार्गदर्शकाचे लेख वाचून करावा.

नेट-जेआरएफचा, म्हणजे आपल्याकडच्या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा, अभ्यास मात्र सोडू नये. ती निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, जळगावच्या विद्यापीठात घरून जाऊन-येऊन पीएच.डी. होईल, आणि तेही कमी नाही.

सध्या तिने एवढं करावं: विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा अधिकृत तक्ता) मागवून ठेवावं, त्याला वेळ लागतो. पासपोर्टचा अर्ज टाकावा. संशोधनाचा आराखडा दोन पानांत लिहावा आणि आधी तिच्या सरांना दाखवावा, मला नंतर. शिफारसपत्रासाठी दोघांना आत्ताच विचारून ठेवावं, ऐनवेळी नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याशी व्हिडिओवर मुलाखतीचा सराव करीन.

कपाशीवर बोंडअळी आहे का ते कळवा. मायचं गुडघ्याचं औषध चालू ठेवा.

तुमचा,
भाऊ