हेडफोन हवेत, ‘७.१’चा शिक्का कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘सराउंड साउंडचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणारा हेडसेट घेतला की शूटर गेममधली कामगिरी सुधारते’ हे विधान गेमिंगच्या साहित्याविषयीच्या लेखनात सर्रास वाचायला मिळते. त्यातला अर्धा भाग खरा आहे, पण ग्राहक जादा पैसे मोजतो ते उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हेडफोनचा फायदा होतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पडद्यावर खेळाडूला समोरचा साधारण शंभर अंशांचा पट्टा दिसतो. पाठीमागच्या जिन्यावर कोणी चढत असेल, भिंतीपलीकडे कोणी बंदूक रीलोड करत असेल, तर त्याची वर्दी फक्त कान देतात. स्पीकर लावले की डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही शिरतो, वर भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो आणि पावलांची बारीक चाहूल त्या गर्दीत हरवते. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला त्याचाच आवाज मिळतो. त्यामुळे लाकडी फळीवरचे पाऊल आणि पत्र्यावरचे पाऊल यांतला फरकसुद्धा ओळखू येतो, आणि नकाशा पाठ असलेल्या खेळाडूला तेवढ्यावरून प्रतिस्पर्धी नेमका कुठे उभा आहे हे कळते. नकाशा पाठ नसेल तर मात्र महागडा हेडसेटही फारसे काही सांगत नाही, आणि नेम तर कोणत्याच हेडसेटने सुधारत नाही.

प्रश्न आहे तो ‘७.१’ या शिक्क्याचा, म्हणजे भोवतीचे सात स्पीकर आणि बासचा एक अशा आठ चॅनेलांच्या (आवाजाच्या आठ स्वतंत्र धारांच्या) दाव्याचा. एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानाला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा आणि थोडा क्षीण होऊन पोहोचतो, आणि या दोन फरकांवरून मेंदू डावे-उजवे ठरवतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये याची मांडणी केली होती. परंतु अगदी समोरचा आणि अगदी मागचा आवाज दोन्ही कानांना सारखाच पोहोचतो. तिथे उपयोगी पडते ती कानाच्या पाळीची ठेवण, कारण दिशेनुसार ती आवाजातल्या काही उंच कंप्रतांना उठाव देते आणि काहींना दाबते. हा परिणाम गणिताने हेडफोनमध्ये उतरवण्याच्या तंत्राला एचआरटीएफ म्हणतात. कल्पना नवी नाही. ऑरिअल कंपनीचे ए३डी तंत्र १९९० च्या दशकातच साउंड कार्डांवर आले होते.

‘७.१’ लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर असतो. गेमकडून आलेले आठ चॅनेल सॉफ्टवेअर काल्पनिक स्पीकरांवर मांडते आणि त्यांचा आवाज पुन्हा दोन कानांत ओतते. याउलट, ज्या गेममध्ये एचआरटीएफ आतच बसवलेले असते, त्या गेमला प्रत्येक पावलाचे अचूक ठिकाण ठाऊक असते, त्यामुळे काल्पनिक स्पीकरांच्या ठरावीक जागांचा वळसा घ्यावाच लागत नाही. काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या शूटर गेममध्ये ही सोय २०१६ मध्ये आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ मध्ये. अशा गेममध्ये हेडसेटचे सराउंडही चालू ठेवणे म्हणजे चष्म्यावर चष्मा चढवणे. दोनदा प्रक्रिया झालेला आवाज घुमल्यासारखा येतो, दिशा पसरट होते आणि सराउंडसाठी जादा पैसे मोजलेला खेळाडू साध्या स्टीरिओवाल्यापेक्षाही मागे पडू शकतो.

सराउंड सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. स्वतःचे एचआरटीएफ नसलेल्या, पण बहुचॅनेल आवाज देणाऱ्या गेममध्ये त्याने पुढचे-मागचे ओळखणे काहींना सोपे जाते. ‘काहींना’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण ही गणिते बहुधा सरासरी कानावर बेतलेली असतात आणि प्रत्येकाची पाळी वेगळी असते; एकाला जो आवाज स्पष्ट मागून येतो, तोच दुसऱ्याला डोक्याच्या आत वाजल्यासारखा वाटतो. शिवाय खेळाडू माउस किंचित फिरवतो तेव्हा आवाज कोणत्या कानाकडे सरकला यावरून पुढे की मागे हा प्रश्न साध्या स्टीरिओतही बऱ्याचदा सुटतो, आणि अनुभवी खेळाडू हे नकळत करत असतात.

खरेदीपूर्वी पडताळा घेणे अवघड नाही. सरावाच्या नकाशात एका जागी उभे राहून डोळे मिटावेत, मित्राला मनाला येईल त्या क्रमाने भोवती फिरायला सांगावे आणि दिशा बोलून दाखवावी. सराउंड चालू आणि बंद अशा दोन्ही वेळी किती उत्तरे बरोबर आली ते मित्रानेच मोजावे. माझ्या मते, त्याच पैशांत चांगला, तारेचा स्टीरिओ हेडफोन घेणे शहाणपणाचे आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज अनेकदा शंभर मिलिसेकंदांहून अधिक रेंगाळतो आणि तोवर समोरचा कोपऱ्यातून बाहेर आलेला असतो. अवाजवी बास वाढवलेले हेडसेटही टाळावेत, कारण स्फोटांच्या दणक्याखाली पावले दबतात. मग ती ऐकण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि पुढचा गोळीबार त्याच पातळीवर कानावर आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल केवळ ४ तास.

तेव्हा हेडसेटची परीक्षणे छापताना चाचणी कोणत्या गेममध्ये झाली, गेममधले एचआरटीएफ चालू होते की बंद, आणि हेडसेटचे सराउंड त्या वेळी चालू होते का, एवढे तीन तपशील परीक्षकाने नमूद करावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक