चिऊ, पुराचं परत काढणार नव्हतो

चिऊ,

रविवारी फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते मीच ठेवला. असेल. पण "पाण्यात पैसे घालतेयस" हे मी म्हणालो ते म्हणायला नको होतं. पोरगी तिकडं ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ हॉक्सबरी नदीकाठच्या एबेनेझर गावात, स्वतःच्या कमाईवर दोन एकर जागा आणि घर घेतेय आणि बाप असं बोलतो. अभिनंदन, मनापासून. सोमवारी सकाळी घाटावर तिघांना सांगून आलो, त्यातल्या एकाला दोनदा.

पुराचं परत काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. तू पाठवलेले चर्चचे फोटो बघितले आणि मग एबेनेझरबद्दल रात्री दोनपर्यंत वाचत बसलो, ३४ वर्षं इतिहास शिकवल्यावर खोड जात नाही. गंमत बघ, ते चर्च बांधणारी स्कॉटिश कुटुंबं १८०२ ला ज्या जहाजातून आली त्याचं नाव कोरोमंडल, म्हणजे आपला चोळमंडल किनारा! पाद्री नाही काही नाही, जेम्स मीन नावाचा त्यांच्यातलाच एक जण प्रार्थना घ्यायचा, आधी झाडाखाली, मग १८०९ ला दगडी चर्च उभं राहिलं. ऑस्ट्रेलियात आज उभं असलेलं सगळ्यात जुनं चर्च तेच. त्याला जमीन दिली ओवेन कॅव्हनॉने, तो १७८८ च्या पहिल्या ताफ्यातून आलेला खलाशी. असल्या गावात माझी पोरगी राहणार म्हटल्यावर मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

त्या नदीकाठी वस्ती त्याच्याही आधीची, १७९४ ला २२ जणांना जमिनी दिल्या तिथपासूनची. काठाची जमीन म्हणजे आपली मळीच की, गाळाची, मका टाकला की आलाच. सिडनीची पोटं त्या मक्या-गव्हावर भरायची. पण ती मळी काही रिकामी पडलेली नव्हती, तिथले मूळ रहिवासी धारुग लोक तिथंच कंद काढून खायचे. कुदळी फिरल्या, कंद गेले, मग ते मक्याला हात लावायला लागले आणि १७९५ ला त्यांच्यावर सैनिक पाठवले, माणसं मारली. घराच्या कागदपत्रात हे येणार नाही म्हणून सांगतोय. हॉक्सबरीला त्यांचं नाव ड्याराबिन, पोरांना तेवढं तरी शिकव. बघ, लागलो तास घ्यायला. सॉरी.

आता एकच. १८०६ आणि १८०९ ला पिकं वाहून गेली तेव्हा गव्हर्नर मॅक्वारीने १८१० ला पाच गावं उंचावर आखून दिली, विंडसर, विल्बरफोर्स वगैरे, की शेती खाली करा पण राहायला वर या. लोक गेले का? पिकं, कोंबड्या, डुकरं सोडून कोण जातंय. १८१७ ला परत पूर आला तेव्हा त्याने चिडून परत हुकूम काढला. आणि १८६७ ला विंडसरला पाणी १९.७ मीटर, ६४ फुटांच्या वर. ईथर कुटुंब छपरावर चढून बसलेलं, त्यातली बाया-पोरं मिळून १२ जण गेली. मोजपट्टीचं शून्य वेगळं असतं हे कळतं मला, पण आपल्या सांगलीत आयर्विन पुलाला २०१९ ला ५७ फूट होतं आणि त्यात काय झालं ते तुला माहितीय.

निखिलराव म्हणाले वॉरगॅम्बा धरण आहे. कोयना पण आहे की! वॉरगॅम्बा १९६० चं आणि तरी २०२१ ला पूर, २०२२ ला मार्चमध्ये आणि जुलैमध्ये, जुलैत विंडसरला जवळपास १४ मीटर. खाली सॅकव्हिलपाशी नदी डोंगरात अरुंद होते, पाण्याला निघायला वाट नाही, फुगवटा मागं येतो, आणि एबेनेझर त्याच्या अलीकडंच आहे. नकाशा काढून बघितलाय मी, मोठा करून.

२०१९ च्या त्या ऑगस्टात तू पुण्यात होतीस, फोन लागत नव्हता. आम्ही दोघं माळ्यावर, सिलेंडर खांबाला दोरीने बांधलेला, नानांचं कपाट खालीच राहिलं. बोट आली तर तुझी आई म्हणते आधी समोरच्या म्हातारीला न्या, मी तिच्यावर ओरडलो. त्या कपाटाला अजून वास येतो, पावसाळ्यात जास्त.

हे सगळं काल आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आपण तरी कुठं सोडलं घर?" मी चहा गार करून प्यालो.

तेव्हा घेऊ नको म्हणत नाही. फक्त सही करायच्या आधी घरमालकाला २०२२ ला पाणी कुठवर आलं ते विचार, तोंडी नको, भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांग. तिथं पेन्सिलने रेघ मार, जिन्याजवळ आई मारते तशी, आणि फोटो पाठव. उंबऱ्यापासून किती इंच ते पण लिही.

इथं काळजी नाही, पुलाजवळ आज १९ फूट.

बाबा