मुलींच्या फुटबॉललाही मैदान हवे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

५ जुलै २०२५ रोजी चियांग माय येथे भारतीय महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडचा २-१ असा पराभव करून २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील महिला आशिया चषक स्पर्धेत प्रवेश मिळवला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, त्यामुळे पहिले पान पंढरपूरचे असणार हे उघडच होते. क्रीडापानावरही एजबॅस्टन कसोटीत शुभमन गिलने आदल्या दिवशी काढलेले शतक आणि बंगळूरच्या कंठीरवा मैदानावरील नीरज चोप्राची भालाफेक या दोन मोठ्या बातम्या होत्या, तेव्हा त्या दिवशीच्या अंकाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र नंतरच्या दिवसांतही बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत वाचल्या जाणाऱ्या आपल्या मराठी वृत्तपत्रांत या विजयाविषयी चार ओळींपलीकडे काही वाचावयास मिळाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भारतीय महिला संघ १९७९ आणि १९८३ अशा दोन आशियाई स्पर्धांत उपविजेता ठरला होता, पण ते दिवस पात्रता फेऱ्यांचे नव्हते. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ आहे. २०२२ मध्ये ही स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे, म्हणजे आपल्या उंबरठ्यावर झाली होती. इराणशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर संघातील अनेक खेळाडूंना कोरोनाची लागण झाली, चिनी तैपेईविरुद्ध उतरवण्याइतक्या मुलीही उरल्या नाहीत आणि यजमान संघालाच स्पर्धेबाहेर जावे लागले. त्या हुकलेल्या संधीनंतर या वेळी मंगोलियावर १३, पूर्व तिमोरवर ४ आणि इराकवर ५ गोल करून संघ शेवटच्या सामन्यापर्यंत आला होता. थायलंड जागतिक क्रमवारीत भारताच्या चोवीस स्थाने पुढे होता आणि सामना त्यांच्याच मैदानावर होता. पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने २९ व्या मिनिटाला लांबून मारलेल्या फटक्यावर पहिला गोल केला, मध्यंतरानंतर लगेचच थायलंडने बरोबरी साधली आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच धावून आली. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतर मैदानात परतलेली ही मुलगी सशस्त्र सीमा दलाकडून खेळते. ऑस्ट्रेलियात बारा संघ खेळतील आणि त्यांतील सहा २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाला थेट पात्र ठरतील. आपला पुरुष संघ या विजयाच्या महिनाभर आधीच हाँगकाँगकडून हरला होता. त्या पराभवाची चर्चा मात्र चौकाचौकांत झाली!

आपण लक्ष द्यावे असे मला वाटते ते बांगलादेशाकडे. दक्षिण आशियाई देशांची सॅफ महिला स्पर्धा २०१० पासून २०१९ पर्यंत पाच वेळा झाली आणि पाचही वेळा भारताने जिंकली. २०२२ मध्ये काठमांडूत बांगलादेशाने साखळीत भारताला ३-० असे हरवले आणि पुढे नेपाळला नमवून चषकही नेला. २०२४ मध्ये तेथेच पुन्हा तेच विजेते ठरले. २ जुलै २०२५ ला, म्हणजे भारताच्या तीन दिवस आधी, म्यानमारला त्यांच्याच भूमीवर हरवून तेही प्रथमच आशिया चषकासाठी पात्र झाले. हा संघ राजधानीतल्या एखाद्या महागड्या अकादमीत घडलेला नाही. तेथील सरकारने प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली आणि तिच्यातून मैमनसिंह जिल्ह्यातील कलसिंदूर नावाच्या खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मुली पुढे आल्या. त्या एकाच गावाने राष्ट्रीय संघाला अनेक खेळाडू दिले. कलसिंदूर हे मेघालयाच्या डोंगरांखालचे, सीमेवरचेच गाव आहे, हे आपल्या सीमाभागातील वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आपल्याकडचे पाहू. बेळगावला फुटबॉल नवा नाही. कॅम्पातील पलटणींमुळे हा खेळ येथे फार पूर्वी रुजला. टिळकवाडीच्या लेले मैदानावर पावसाळ्याच्या चिखलात रंगलेले सामने पाहत आमची पिढी वाढली आणि शाळांच्या स्पर्धांना आजही गर्दी होते. परंतु हे सारे मुलांचे. मुलींनी खेळायचे ते कबड्डी, खो-खो आणि अलीकडे ज्युदो व कुस्ती. त्यांत त्या कमी पडलेल्या नाहीत: तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले, तेव्हा सारा तालुका अभिमानाने बोलत होता. त्यामुळे आपल्या मुलींच्या अंगात रग नाही किंवा आपली गावे त्यांना खेळू देत नाहीत, असे कोणी म्हणू नये. फुटबॉल त्यांच्यापर्यंत पोहोचवलाच गेला नाही, एवढेच खरे.

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका होते. आमच्या वेळी तालुका पातळीवर मुलींच्या फुटबॉलसाठी कधी दोन, तर कधी एकच संघ येत असे. दोन आले की पहिलाच सामना अंतिम सामना. एक आला की प्रमाणपत्र हातात देऊन थेट जिल्ह्याला पाठवणी. जिल्ह्यात एखाद्या सरावलेल्या संघापुढे आठ-दहा गोल खाल्ले की मुली पुढच्या वर्षी नाव देत नसत आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? वर्षभरात एकही खरा सामना न खेळता थेट स्पर्धेत उतरवणे म्हणजे पोहायला न शिकवता मलप्रभा नदीत ढकलणे. एसएसएलसीनंतर (दहावीनंतर) पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेली मुलगी तर मैदानाकडे पुन्हा फिरकतही नसे.

साधनांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. दुकानात बूट मिळत ते मुलांच्या मापाचे. आमच्या मुली पुढे चिंधी कोंबून आणि लेस घोट्याभोवती दोन वेढे देऊन ते घालत. पावसाळा सरला की जांभ्याची जमीन दगडासारखी कठीण होते आणि अशा उंचसखल जमिनीवर वळताना गुडघा मुरगळतो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा अधिक आढळते, म्हणून सरावापूर्वीचा योग्य व्यायाम आणि सपाट केलेले मैदान ही त्यांच्या बाबतीत चैन समजू नये.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, त्यामुळे खेड्यातील मुलीला सरावासाठी खानापूर किंवा बेळगावला येण्याचे भाडे पडत नाही. अडते ते परतीच्या वेळेत. शाळा साडेचारला सुटते, मैदान सहापर्यंत मोठ्या मुलांच्या ताब्यात असते आणि वस्तीची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. मैदाने सांभाळणाऱ्या मंडळांनी आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यापासून सहा वाजेपर्यंत मैदान फक्त मुलींसाठी राखून ठेवले, तरी हा अडथळा निम्म्याने दूर होईल आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचे नाव आहे, हे सीमाभागात किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांवर आपण दरवर्षी जिजाऊंचा देखावा हौसेने उभा करतो आणि त्यासाठी वर्गणीही कमी पडत नाही. त्याच मंडळांनी आपल्या नेहमीच्या फुटबॉल स्पर्धेत प्राथमिक शाळांच्या मुलींसाठी सात-सात जणींचा एक गट ठेवावा, चेंडू लहान मापाचा घ्यावा, सामना अर्ध्या-पाऊण तासाचा करावा आणि बाद फेरीऐवजी साखळी पद्धत ठेवावी, म्हणजे हरलेल्या संघालाही किमान तीन सामने मिळतील. खर्च म्हणाल तर टेनिस बॉल क्रिकेटच्या एका मोठ्या बक्षिसात असा गट आरामात भागतो. निवड चाचणीसाठी पाचशे किलोमीटरवरील बंगळूरला जायचे की नाही हा पुढचा प्रश्न, पण चाचणीला जाण्याजोगी मुलगी आधी तालुक्यात तयार व्हायला हवी.

आपल्याकडे एकच मागणे आहे. मुलांच्या स्पर्धेचा निकाल छापताना आपण गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट देता. मुलींच्या सामन्याचा निकाल मात्र ‘अमुक हायस्कूलच्या मुली विजयी’ एवढ्यावरच संपतो. यापुढे तालुका पातळीवरचा सामना असला, तरी गोल करणाऱ्या मुलीचे पूर्ण नाव, तिचे गाव आणि गोलचे मिनिट छापावे. तसेच मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सामने सुरू होतील तेव्हा भारताच्या सामन्यांच्या वेळा आदल्या दिवशीच्या अंकात द्याव्यात, म्हणजे शाळांना ते मुलींना दाखवण्याची व्यवस्था करता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव