मनू, यादी अर्धी खोड

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. चार दिवसांत कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, पद्मदुर्ग, थिबा पॅलेस, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जमलं तर सावंतवाडीचा राजवाडा. तू मैत्रिणींना घेऊन येतेस म्हणून आई कालपासून चकल्यांच्या भाजणीचा हिशोब करते आहे. मलाही आनंद आहे, पण यादी बघून जीव खट्टू झाला. अर्धीअधिक खोडून टाक, एवढं माझं ऐक.

तू सहा वर्षांची असताना भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण कुलाबा किल्ल्यात अडकलो होतो. सकाळी आठची ओहोटी, घोटाभर पाण्यातून चालत गेलो. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या गणपतीचं दर्शन घेऊन लगेच फिरायचं ठरलं होतं. मी रेंगाळलो. बाहेर येऊन बघतो तर पाणी माझ्या कमरेच्या वर! दिवेलागणीनंतर पाणी उतरलं तेव्हा घरी आलो, आणि आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. पण मनू, अलिबागेत जन्म काढून तो तट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अवाढव्य दगड नुसते एकावर एक रचलेले, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि ते निथळून परत जातं. तुझा हात कोपरापर्यंत फटीत गेला होता. पाणी बोटांना लागलं तशी तू रडायची थांबलीस आणि मग तासभर तिथून हलली नाहीस.

त्याच किल्ल्यात चाकांवरच्या दोन तोफा आहेत. आंग्र्यांच्या तोफा म्हणून सगळे त्यांच्याबरोबर फोटो काढतात. तू वाकून अक्षरं वाच. साल १८४९ आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेले, आणि या तोफा ओतल्या तोवर आंग्र्यांचं राज्यही खालसा झालं होतं. घाईत फोटो निघतो, अक्षरं वाचायची राहतात.

म्हणून आधी पाण्याची वेळ बघ, मग गाडीची. आपल्याकडचा हिशोब पाठ करून ठेव: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला, पण तेव्हा भांगाचं पाणी, ते फारसं हटत नाही. तेव्हा कुलाब्याला चालत जायचा हट्ट धरायचा नाही.

कोर्लईला रविवार गाठा. किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती माणसं अजून घरात पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. ‘नो लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. माउंट कार्मेलच्या चर्चमधली मिसा सुटली की बाहेर जरा उभ्या राहा. आजीबाई तुमच्याशी मराठीत बोलतील आणि शेजारणीकडे वळल्या की बोली बदलेल. किल्ल्यावरच्या दगडांपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं. रेवदंडा वाटेतच आहे, तटातून रस्ताच जातो.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाची होडी घ्या. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरण्याआधी दरवाजाशी कोरलेलं जनावर बघा, एकट्याने सहा हत्ती धरलेत: चार पंजांत चार, एक तोंडात, एक शेपटीत. जंजिऱ्याचा धनी सिद्दी, त्याचा तोरा त्या एका दगडात आहे. त्याला शह द्यायला महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला. समुद्र शांत असला आणि होडीवाला ‘हो’ म्हणाला तरच तिकडे जा. तिथे खाऱ्या वाऱ्याने तटाचे दगड झिजून वाटीसारखे खोल गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा उभा आहे. मधाचं पोळं वाटावं असा. दगड हरला आणि चुना टिकला, हे मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

बाकीचं पुढच्या खेपेला. थिबा पॅलेस घाईत बघू नये. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१० साली त्याला हा वाडा मिळाला आणि १९१६ साली तो तिथेच वारला. तीस वर्षं परक्या मुलखात काढलेल्या माणसाचं घर आहे ते, अर्ध्या तासात उरकू नका. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले म्हणून तुमच्या यादीत आले असावेत. त्यांच्याच जोडीने गेलेली खांदेरी, समुद्रातल्या बेटावरचा किल्ला, तुम्ही लिहिलीच नाही, ती तर आपल्या थळच्या किनाऱ्यावरून दिसते!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला घरातून निघू. मैत्रिणींना पट्ट्याच्या सँडल आणायला सांग, खडकावरची कालवं पाय कापतात. या वेळी वेळेवर लक्ष ठेवायला घड्याळ मी हातात ठेवीन. तुझा हात त्या फटीत अजून मावतो का, बघू.

तुझा,
बाबा