होडीबद्दल सगळं

ब्राइटलिंगसी (इंग्लंड), रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर मी "एक जुनी होडी घेतली" म्हणाले आणि आई एकदम गप्प झाली. तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून सगळं नीट लिहून कळवते.

होडी टॉर्नेडो जातीची आहे, शर्यतीची. वीस फूट लांब, दहा फूट रुंद. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारे दोन आडवे बार आणि मध्ये ताणलेली जाळी. आपण बसायचं ते त्या जाळीवर. बाबा, आजोबांच्या होडीला एका बाजूला उलांडी होती ना, कलंडू नये म्हणून? इथे ती उलांडीच पुरी होडी झाली आहे. कॅटमरान हा शब्दही आपल्याकडचाच, तमिळ 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेले ओंडके.

टॉर्नेडोचा जन्म याच गावातला. रॉडनी मार्च यांनी 1966-67 मध्ये तिचा आराखडा केला. 1976 ते 2008 ती ऑलिंपिकमध्ये होती, आणि पहिल्याच वेळी, 1976 मध्ये, इथल्याच रेज व्हाइट यांनी जॉन ऑस्बॉर्नबरोबर तिच्यावर सुवर्णपदक मिळवलं. खाडीकाठच्या एवढ्याशा गावातून हे घडलं, याचं मला अजून नवल वाटतं. माझी होडी 1989 ची आहे.

घेताना घाई केली नाही. तिची अंगं फायबरग्लासच्या दोन थरांची, मध्ये फोम. वर्षं गेली की थर फोमपासून सुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. तेव्हा बाबा, तुमचंच आठवलं. मालवणच्या किनाऱ्यावर ओढलेल्या होडीची फळी बोटाने वाजवून तुम्ही म्हणायचात, "आधी आवाज आयक गो." मी नाणं घेऊन दोन्ही अंगं विताविताने वाजवली. सगळीकडे टणक आवाज, फक्त उजव्या अंगाला, पुढच्या बारच्या जरा मागे, तळहाताएवढ्या जागी बद्द. विकणाऱ्यांना दाखवलं. त्यांनी मान्य केलं आणि किंमत उतरवली. तिथे बारीक भोकं पाडून सुईने एपॉक्सी, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट रस, भरली, वर वजन ठेवून दोन दिवस सुकू दिली. आता तिथलाही आवाज बाकीच्यासारखा येतो.

डोलकाठी जवळजवळ एकतीस फूट उंच, आणि ती तीन तारांवर उभी असते: एक पुढे, दोन बाजूंना. स्टीलची तार शेवटच्या क्षणापर्यंत चकचकीत दिसते आणि मग एकदम तुटते. आई, तू वातींसाठी दिलेल्या कापसातला एक पुंजका तारेवरून फिरवला. डाव्या तारेच्या तळाशी, जिथे ती टोपणात शिरते, तिथे कापूस अडकला. एक धागा तुटला होता. एकच, पण मी तिन्ही तारा बदलल्या. जाळी उन्हाने कुजली होती, तीही नवी घेतली. एवढ्यात या वर्षाचे पैसे संपले, आणि ते योग्य जागी गेले असं मला वाटतं.

क्लबातले मित्र म्हणतात, मोठं फुगीर शीड, म्हणजे स्पिनेकर, लगेच बसव. सिडनी ऑलिंपिकनंतर या जातीच्या होड्यांना ते आलं, आणि दोघांनीही तारेला लटकून बाहेर झुकायची सोय झाली. त्याआधी एकालाच लटकता यायचं. वेग फार वाढतो, मलाही मोह होतो. पण माझी होडी त्याआधीची. त्या शिडाचा ओढा डोलकाठीच्या शेंड्याला आणि पुढच्या बारला बसतो, आणि तो बार इतका भार घेण्यासाठी बांधलेलाच नाही. आधी तो आतून पक्का करून घेईन. पुढच्या वर्षी बघू.

आई, तुझ्या मनातला प्रश्न: उलटली तर? उलटते. वारा मागून असताना पुढचं टोक लाटेत घुसलं की कोलांटी खाते. पण डोलकाठीचं टोक बंद असतं, आत हवा राहते, त्यामुळे ती लगेच पूर्ण पालथी होत नाही. होडी जेमतेम 155 किलोंची, दोघी मिळून दोर ओढून सरळ करतो. उथळ पाण्यात चार वेळा मुद्दाम उलटवून सराव केला आहे. पाणी गार असतं म्हणून अंगात जाड रबरी सूट, वर तरंगणारं जॅकेट, खिशात वायरलेस. एकटी कधीच जात नाही. ओहोटीला कोल्न नदीचं पाणी जोराने समुद्राकडे जातं, म्हणून भरतीची वेळ पाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही.

बाबा, एक काम आहे. जाळी दोरीने ओवून ताणायची असते आणि माझी गाठ तासाभरात ढिली पडते. आजोबा उलांडी कशी बांधायचे, आडवे किती वेढे, उभे किती? सुंभाचा तुकडा घेऊन दोन काठ्यांवर बांधून दाखवा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. शनिवारी पुन्हा पाण्यात जायचं आहे, त्याआधी मिळाला तर बरं.

तुमची,
मीनल