डोळे मिटू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. रात्री छातीत धडधडायला लागलं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तू डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलंस आणि धडधड आणखीच वाढली. अरे, बऱ्याच जणांचं असं होतं. आधीच छातीला कान लावून बसलेल्या माणसाला पुन्हा छातीकडेच बघायला सांगितलं, तर दुसरं काय होणार?

तू डोळे उघडे ठेव आणि बाहेर बघ. दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, तीन आवाज, दोन वास, एक चव असा उतरता क्रम समुपदेशक सांगतात. चांगला आहे, पण पाढे म्हटल्यासारखा उरकला तर फुकट. मला विचारशील तर आकडे सोड, एकच वस्तू धर. दाराची कडी घे. रोज बोटं लागतात तिथला रंग उडून धातू उघडा पडलाय, कडेचा मात्र शाबूत. एक स्क्रू बाकीच्यांहून वेगळा, कधीतरी बदललेला. हात लाव. आधी गार लागेल, मग हळूहळू कोमट. चांगलं-वाईट काही ठरवू नकोस. मध्येच मन ‘उद्या काय होईल?’ करत पळेलच. पळालं हे लक्षात आलं की परत कडीवर ये. सराव म्हणतात तो या परत येण्याचा, मन घट्ट बांधून ठेवण्याचा नाही.

एक सांगून ठेवतो, भीती घालवायची म्हणून हे करू नकोस. मग दर मिनिटाला ‘गेली का?’ म्हणून तपासत बसशील आणि ती तिथेच राहील. घबराटीची लाट बहुधा काही मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते. ती असतानाही कडी दिसू शकते, इतकंच.

आणि हे अडचणीच्या वेळीच काढायचं हत्यार नाही. सजगता (माइंडफुलनेस) शिकवणारे जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी असं लक्ष द्यायला शिकवणारा वर्ग सुरू केला. आज तो आठ आठवडे चालतो आणि रोजचा घरचा अभ्यास असतो. तेव्हा मन बऱ्यापैकी शांत असतानाही थोडं थोडं करत जा. हात धुताना, जिना उतरताना.

पण झोप, जेवण, काम यांवर परिणाम होत असेल, तर नुसत्या एवढ्यावर भागवू नकोस. डॉक्टरांना दाखव. धडधडीला थायरॉइडसारखं शरीरातलं कारणही असू शकतं, ते तपासून घेतलेलं बरं. एकट्याने जायला नको वाटत असेल तर वेळ ठरव आणि कळव, मी येतो.

तुझाच